घर बघायला येणार आहेत

४ एप्रिल

ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलंय, रोज थोडं थोडं लिहीत जा, म्हणजे अर्जातला निबंध लिहिताना हात अडखळणार नाही. म्हणून ही वही. मला एका जागी धड बसवत नाही हे त्यांना सांगितलं नाही. आत्या म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. तेव्हापासून सगळी गल्ली मला भिंगरीच म्हणते. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून दाराशी जाऊन आले.

जे डोक्यात आहे तेच लिहिते. पुलापलीकडच्या कॉलेजात वास्तुकला शिकवतात. त्यांची एक संधी योजना आहे. ज्यांच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही आणि ज्यांना फी झेपणारच नाही, त्यांच्यासाठी थोड्या जागा ठेवलेल्या असतात. फी माफ, वसतिगृह फुकट आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी तयारीचा वर्ग. आधी अर्ज आणि निबंध, मग घराची पाहणी, मग यादी. यादीत नाव आलं तर मी इमारती काढायला शिकेन. नाही आलं तर आईबरोबर खुर्च्यांची कव्हरं धूत बसेन. मधला रस्ता मला तरी दिसत नाही.

६ एप्रिल

निबंधाचा विषय आहे, 'माझी परिस्थिती आणि माझं स्वप्न'. स्वप्न तासाभरात लिहून झालं. परिस्थितीपाशी गाडी अडली.

आईला विचारलं, "आपल्या अडचणी कुठल्या गं?"

ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्याला काय धाड भरलीय? दोन वेळचं खातोय, अंगभर कपडे आहेत."

"अगं, अर्जात लिहायचंय."

"काही लिहायचं नाही. आपलं रडगाणं लोकांच्या दारात गायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता या झाकल्या मुठीवर निबंध कसा लिहू? आमची खोली एक, तिच्यातच एका अंगाला स्वयंपाक. दोरीवर कायम पांढरी कव्हरं वाळत असतात, त्यामुळे वाकूनच चालायचं. आप्पा ज्या डेकोरेटरकडे आहेत, तिथून आईला हे काम येतं. समारंभ झाला की खुर्च्यांची कव्हरं गाठोडी बांधून येतात. तेलाचे डाग पडलेली, कुणी हात पुसलेली, एखाद्यावर लिपस्टिकसुद्धा. आई डागावर खडूची पूड दाबून ठेवते, मग धुते. माझा अभ्यास त्या ओल्या कव्हरांखाली जमिनीवर चालतो. ही अडचण म्हणायची का? मला तर सवय आहे.

शेवटी मी आप्पांवर लिहिलं. मी लहान होते तेव्हा ते मला एका समारंभाला घेऊन गेले होते. आदल्या दिवशी तिथे मोकळं मैदान होतं, आणि दुसऱ्या दिवशी निळ्या पडद्यांचा, पायऱ्यांचा, खांबांचा एवढा मोठा रंगमंच. मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून टाकलं, माझे आप्पा एका रात्रीत महाल उभा करतात. म्हणून मला वास्तुकला शिकायचीय, असं लिहिलं. मालक नुसते गल्ल्यावर बसतात, बाकी आप्पांशिवाय तिथलं पान हलत नाही. हेही लिहिलं. फार छान झालाय निबंध. आप्पांना वाचून दाखवला तर ते उठून पाणी प्यायला गेले. डोळे भरून आले असतील.

११ एप्रिल

अर्ज देऊन आले. येताना उगाचच लांबच्या रस्त्याने आले, कारण घरी येऊन करायचं काय?

आप्पांचा खांदा पुन्हा सुजलाय. आई तेल चोळत होती आणि पुटपुटत होती. मी म्हटलं, "आप्पा, हाताखाली इतकी माणसं आहेत, तर तुम्ही कशाला सामानाला हात लावता?"

ते म्हणाले, "स्वतः उभं राहिल्याशिवाय कामं होत नाहीत, भिंगरी."

आईने एवढ्या जोरात चोळलं की ते कळवळले. मला आईचा राग आला. जरा हळू हाताने चोळता येत नाही का?

मी गोडाऊन अजून पाहिलेलं नाही. कितीदा म्हटलं, आप्पा, मला न्या, सामान कसं रचतात ते बघायचंय. दरवेळी एकच उत्तर, तिथे खिळे पडलेले असतात.

१९ एप्रिल

पत्र आलं! पहिल्या चाळणीतून मी पार झाले! येत्या तेवीस तारखेला कॉलेजच्या एक बाई घर बघायला येणार आहेत. 'विद्यार्थ्याची कौटुंबिक स्थिती आणि घरातील अभ्यासाचे वातावरण यांची पाहणी केली जाईल.'

आत्याला बोलावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मुलगी बघायला येतात ते ऐकलं होतं. हे घर कसलं बघतायत? पसंत पडलं तर घरालाही घेऊन जाणार का?"

हसून झालं. चौघांनी मिळून खोलीकडे पाहिलं. दोरीवर कव्हरं, कोपऱ्यात गाठोडी, भिंतीचा पोपडा सुटलेला. बसायला म्हणाल तर एक स्टूल, तेही डुगडुगतं.

"अभ्यासाचं वातावरण," आई म्हणाली. "कुठून आणायचं ते?"

"यांना वाटेल, या घरात पोरगी काय दिवे लावणार," आत्या म्हणाली.

आप्पांनी भिंतीचा पोपडा बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "माझ्यावर सोपवा. एका दिवसासाठी वातावरण करायचं, हाच तर आमचा धंदा आहे."

ते असं बोलले आणि मला इतका अभिमान वाटला की मी खोलीतल्या खोलीत तीन फेऱ्या मारल्या.

२३ एप्रिल, दुपार

हे घाईघाईत लिहितेय. बाई चार वाजता येणार.

सकाळी टेम्पो आला. त्यातून काय उतरलं विचारू नका! मखमली सोफा, काचेचं टेबल, भाषण करणाऱ्यांच्या समोर ठेवतात ते लांब टेबल, पितळी दिवा, गालिचा, आणि निळे पडदे. आप्पांनी गाठोडी आत्याकडे हलवली, दोरी काढली, पोपड्यावर पडदा सोडला. लांब टेबलावर माझी पुस्तकं मांडली. ती फारच थोडी दिसायला लागली, म्हणून आत्याने तिच्याकडचे जुने अंक आणून खाली लावले.

टेम्पोचा ड्रायव्हर मात्र महाउर्मट निघाला. आप्पा एवढे मोठे, तरी अरे-तुरे. "ए, उचल लवकर. संध्याकाळच्या आत सगळं परत पाहिजे. मालकाला कळलं तर तुझ्याबरोबर माझीपण जाईल." आणि आप्पा हसून "हो हो" म्हणत होते. मी आप्पांच्या जागी असते तर दोन शब्द सुनावले असते. आप्पा नको तितके साधे आहेत, म्हणून लोक डोक्यावर बसतात.

एक गंमत झाली. सोफ्याच्या पाठीला साटिनचा बो बांधायचा होता. आप्पांनी तीनदा बांधला, तीनदा सुटला. शेवटी आईने त्यांच्या हातातून घेतला आणि डोळे मिटून बांधून टाकला. आप्पा म्हणाले, "ही असली बारीक कामं आमची पोरं करतात ना!" आम्ही सगळे हसलो. आई नाही हसली.

खोली ओळखू येत नाही. मी सोफ्यावर बसून पाहिलं. लगेच उठले.

२३ एप्रिल, संध्याकाळ

झालं. बाई येऊन गेल्या. आणि इतकं चांगलं झालं की मला अजून खरं वाटत नाहीये.

दारात त्या क्षणभर थांबल्याच. "अरे वा," म्हणाल्या. पत्ता पुन्हा तपासला. मग सोफ्यावर बसल्या, त्याच्या मखमलीवरून हात फिरवला.

"हे टेबल तुझं?"

"हो," मी म्हटलं. एका दिवसापुरतं होतंच की.

"आणि वडील काय करतात?"

मी आप्पांच्या आधीच बोलले, "डेकोरेशनचा व्यवसाय आहे." आप्पांनी घसा खाकरला.

"आई?"

"मी घरीच असते," आई म्हणाली. कव्हरांचं काही बोलली नाही. पाहुण्यांपुढे धुण्याचं काय बोलायचं?

"फी भरायला तुम्हाला अडचण येईल?" बाईंनी आप्पांना सरळच विचारलं.

आप्पा ताठ बसले. "पोरीच्या शिक्षणाला आम्ही काही कमी पडू देणार नाही," म्हणाले. किती छान बोलले!

बाईंनी सगळं लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, "घर फार सुंदर ठेवलंय." आई लाजली. टेम्पो कोपऱ्यावरच थांबला होता. बाईंची पाठ वळली तसा आत आला. आता खोली पुन्हा आमची झालीय. मला मात्र काही सुचत नाहीये, नुसती येरझाऱ्या घालतेय.

२८ एप्रिल

काही नाही. पोस्टमन आमच्या दारावरून सरळ पुढे गेला. मी त्याच्या मागे वळणापर्यंत गेले, कदाचित विसरला असेल म्हणून.

२ मे

आजही नाही. मालकांना सोफ्याचं कळलं म्हणे. आप्पा म्हणाले, "थोडं रागावले, एवढंच." पण ते संध्याकाळी आले ते थेट आडवे झाले, चांगल्या खांद्यावर.

५ मे

'पाहणी अहवालानुसार कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक असल्याने आपला अर्ज योजनेस पात्र ठरत नाही.'

समाधानकारक! मी ते तीनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. आई खाली बसली. आत्या म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!"

आप्पा कामावरून आले तेव्हा मी दारातच उभी होते. जे बोलले ते लिहायची लाज वाटतेय, पण लिहिते. मी म्हटलं, "लोकांना गरिबी लपवता येत नाही. तुम्हाला दाखवताही आली नाही! कुणी सांगितलं होतं तुम्हाला महाल उभा करायला? तुमच्या थाटापायी माझी जागा गेली."

आई ओरडली, "गप्प बस! कोणाला बोलतेयस कळतंय का?"

"कळतंय. ज्यांना धंद्याशिवाय काही कळत नाही, त्यांना."

आप्पा आत आले. हातपाय धुतले. जेवतानाही ते नेहमीसारखेच आधी माझ्या ताटाकडे बघत होते. त्यामुळे मला जास्तच राग आला. मी अर्ध्यावर उठले.

७ मे

ग्रंथालयात जाऊन रडले. बाईंनी रडू दिलं, मग पत्र मागून घेऊन खालपर्यंत वाचलं. मी रागाच्या भरात खालचं वाचलंच नव्हतं. पालकांसह समितीपुढे येऊन आपली बाजू मांडता येते. अकरा तारखेला.

"पण पालकांनाच बोलावं लागेल," बाई म्हणाल्या. "तू निबंधात एक लिहिलंयस, उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसरंच आहे, आणि घरी त्यांना तिसरंच दिसलं. वडिलांनी खरं काय ते सांगितलं तर काम होईल."

मी म्हटलं, "आप्पा कुणापुढे हात पसरणार नाहीत. ते मेले तरी आम्हाला अडचण आहे म्हणणार नाहीत."

घरी येऊन आईला सांगितलं. आप्पांशी माझं बोलणं बंद आहे. आई कितीतरी वेळ कव्हराची एकच चुणी दाबत बसली. मग म्हणाली, "मी बोलते त्यांच्याशी. पण भिंगरी, तिथे ते जे काही बोलतील, ते ऐकून तू तोंड वेडंवाकडं करायचं नाहीस."

"मी कशाला करीन?"

"शपथ घे."

घेतली. आई कधीकधी काहीही बोलते.

११ मे

घरी आल्यापासून वही उघडून मिटून ठेवतेय. आज पहिल्यांदाच मी एका जागी बसलेय आणि मला उठावंसं वाटत नाहीये.

समितीत तिघं होते. मधले अध्यक्ष, एक तरुण प्राध्यापक, आणि घरी आलेल्या त्या बाई. आप्पांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. आत गेल्यावर ते खुर्चीत टेकले नाहीत, उभेच राहिले. बाई आमच्याकडे बघत नव्हत्या.

अध्यक्षांनी माझा निबंध पुढे ओढला. "मुलगी लिहिते की तुम्ही रंगमंच उभारता, सगळा कारभार तुमच्या हातात आहे. घरी सोफे-गालिचे आहेत. दाखल्यावर मात्र उत्पन्न अगदीच नगण्य. मग आम्ही काय समजायचं? दाखला खोटा?"

"दाखला खरा आहे," आप्पा म्हणाले.

"मग?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, पोरीला जरा बाहेर बसू द्या. मग सांगतो."

"अर्जदाराला इथेच थांबावं लागतं."

खोलीत पंखा फिरत होता. आप्पा खिडकीकडे तोंड करून बोलले. "तो सोफा गोडाऊनमधला. पडदे, टेबल, सगळं तिथलंच. मालकाला न सांगता आणलं होतं. बाईंना बसायला नीट जागा असावी, एवढंच मनात होतं. अभ्यासाचं वातावरण म्हणून लिहिलं होतं तुम्ही. फसवायचं नव्हतं."

"आणि व्यवसाय?"

"मी सजावट करत नाही. मी हमाल आहे तिथे. सामान टेम्पोत चढवतो, उतरवतो. खुर्च्या, फळ्या, पाइप. बायको त्या खुर्च्यांची कव्हरं धुते. आमच्याकडे बसायला एक स्टूल आहे." थोडं थांबून म्हणाले, "पोरीला हे माहीत नाही. लहानपणी तिने वर्गात सांगितलं, माझे आप्पा महाल बांधतात. घरी येऊन मला सांगत होती तेव्हा तिचं तोंड एवढं फुललं होतं, मला नाही म्हणवेना. मग राहूनच गेलं. निबंध तिचा खोटा नाही. खोटं माझं आहे. त्यापायी तिची जागा घालवू नका."

मी शपथ घेतली होती. तोंड सरळ ठेवलं. कसं ठेवलं ते माझं मला माहीत.

तरुण प्राध्यापक माझ्याकडे वळले. "मग तुझा निबंध तर आता उरला नाही. वास्तुकला का शिकायचीय?"

मी आप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "रंगमंच खरा होता, सर. मी पाहिला होता. बांधणारं माणूस तेवढं माझं चुकलं."

"फळ्या मी नेल्या होत्या त्याच्या," आप्पा म्हणाले. "सगळ्या. ते लिहून घ्या हवं तर."

त्या बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं आणि त्यांनी खरंच काहीतरी लिहिलं. आम्हाला जायला सांगितलं. कळवू म्हणाले.

बाहेर आल्यावर आप्पा झपाझप चालायला लागले. नेहमी मी पुढे असते. आज मला त्यांना गाठता येईना. बसथांब्यापर्यंत ते हवेबद्दल बोलले, रस्त्याच्या कामाबद्दल बोलले, अध्यक्षांच्या जाड चष्म्याबद्दल बोलले. मग बस येतेय का ते वाकून बघितलं. म्हणाले, "तुझ्या आईला पहिल्यापासून माहीत होतं. तिच्यावर रागावू नकोस."

मला म्हणायचं होतं, आप्पा, मी त्या दिवशी जे बोलले ते. पण बस आली, आणि गर्दीत त्यांनी मला आधी वर चढवलं.

१२ मे

सकाळी ते निघाले तेव्हा मी विचारलं, "मी येऊ गोडाऊनला?"

ते चपला घालताना थांबले. "खिळे असतात," म्हणाले. मग म्हणाले, "बरं, ये. जाड चप्पल घाल."

गेले. त्या उर्मट ड्रायव्हरने मला पाहिलं आणि आप्पांना "अहो" म्हणाला. आप्पा आणि तो दोघंही हसले. आप्पांच्या एका खांद्यावर चार फळ्या, आणि वळताना कुणाला धक्का लागत नाही. मी तासभर एका खुर्चीवर बसून बघत होते. उठले नाही.

२१ मे

नाव आलं. यादीत माझं नाव आलं. आत्या गल्लीभर सांगत सुटलीय. आई कव्हरांत तोंड घालून रडली आणि मग म्हणाली, "हे आता परत धुवायला लागणार." आप्पा संध्याकाळी येतील. मी कोपऱ्यावर जाऊन थांबणार आहे.

१ जून

वसतिगृहातून लिहितेय. खाटेला गादी आहे, खिडकीला गज आहेत, शेजारची मुलगी अजून आलेली नाही. पायांत वळवळ सुरू झालीय, पण आजचं आधी लिहिते.

आईने लोखंडी पेटीत घर कोंबलं होतं, वर गोधड्यांची वळकटी. मी म्हटलं, रिक्षा आतपर्यंत जाईल. रिक्षा फाटकाशीच अडवली. आप्पा उतरले, पंच्याची चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली आणि वळकटी काखेत. गोडाऊन सोडलं तर माझ्यासमोर त्यांनी कधी एवढं ओझं उचललं नव्हतं. आजूबाजूला गाड्यांतून चाकांच्या बॅगा उतरत होत्या. लोकांनी वळून पाहिलं. मी म्हणणार होते, आप्पा, दुखऱ्या खांद्यावर भार येईल, ठेवा खाली, दोघं मिळून धरू. पण ते चालायला लागले होते.

वसतिगृहाच्या दाराशी वॉचमन आडवा आला. "ए, हमालांना आत सोडत नाही. इथेच ठेव."

माझं तोंड उघडलं होतं. आप्पाच आधी बोलले. आवाज चढवला नाही, पेटीही खाली ठेवली नाही. "हमालच आहे हो मी. आणि ही माझी मुलगी आहे. वास्तुकला शिकायला आलीय."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं.

"माझे वडील आहेत," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. गाड्यांपर्यंत ऐकू गेलं असेल.

तो बाजूला झाला. आप्पांनी मान जराशी वळवून जिन्याकडे पाहिलं.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"तिसराच ना," म्हणाले आणि चढायला लागले. त्यांना गाठायला मला पळावं लागलं.